अभियंत्याचे ऋणमोचन



अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे एक गाव आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. कित्येकांनी लहानपणी बैलगाडीतून ती यात्रा पाहिलीही असेल. या गावाची आठवण देऊन आजच्या विषयाला हात घालण्याचे कारण असे की, १९०५ साली घरदार सोडून बाहेर पडलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाच्या एका शेतकऱ्याने आपल्या लोकोपयोगी बांधकामाचा श्रीगणेशा याच नदीकाठी केला. यात्रेकरूंना पाण्यापर्यंत नीट उतरता यावे म्हणून त्याने घाट बांधवला. पुढे महाराष्ट्राने त्याला गाडगेबाबा म्हटले. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण चढ कोठे आहे, उतार कोठे आहे, म्हातारे माणूस कोठे घसरते आणि दगड कोठे बसवला म्हणजे ते घसरणार नाही, हे त्यांना बरोबर कळत होते. अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ पासून त्यांचेच नाव आहे, आणि त्या विद्यापीठाच्या कक्षेत आज हजारो मुले अभियांत्रिकीची पुस्तके वाचीत आहेत. निरक्षर बांधकाम करणारा आणि साक्षर बांधकाम शिकणारा यांची ही एका नावाखाली पडलेली गाठ मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला इंग्रजी मुलखांत अलीकडे मानवतावादी अभियांत्रिकी म्हणतात, म्हणजे संकटात किंवा दारिद्र्यात असलेल्या माणसाच्या गरजेसाठी चालवलेली यंत्रविद्या, तिचा आपल्याकडचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. आणि त्यात विद्यार्थ्याचा वाटा किती होता व किती असावा, याचा विचार करावयाचा आहे.

आपल्या देशातले अभियांत्रिकीचे शिक्षण जन्मले ते दुष्काळाच्या सावलीत. १८३७-३८ साली गंगायमुनांच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला. त्यात आठ लक्ष माणसे दगावली असावीत असा अंदाज केला जातो. त्या आपत्तीनंतर गंगेचा कालवा काढण्याच्या योजनेला जोर आला, आणि एवढा मोठा कालवा खणायचा तर आखणी करणारी, पातळी घेणारी, हिशेब ठेवणारी माणसे हवीत म्हणून १८४७ साली रुडकी येथे अभियांत्रिकीचे विद्यालय निघाले. १८५४ साली तो कालवा वाहू लागला. त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी हाताखालचे लोक तयार करणारा वर्ग सुरू झाला. आजचे पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी विद्यालय त्यातूनच वाढले. म्हणजे उपासमारीने मरणारा माणूस आणि अभियंता यांचे नाते आपल्याकडे पहिल्या दिवसापासूनचे आहे. मात्र त्या नात्यात एक गोम होती. अभियंता सरकारचा नोकर होता. पाणी कोणाला द्यायचे, रस्ता कोठून काढायचा, हे ठरवणारा धनी दुसराच होता.

या गोमेचा प्रत्यय आपल्या वऱ्हाडाला जितका आला तितका क्वचितच दुसऱ्या प्रांताला आला असेल. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. काळी कसदार जमीन आणि तीत पिकणारा कापूस यांवर त्यांची नजर होती. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली खामगावच्या कापसाच्या बाजारापर्यंत खास फाटा टाकण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. रूळ उत्तम होते, पूल मजबूत होते, सरकी काढण्याचे आणि गठ्ठे दाबण्याचे कारखाने गावोगाव उभे राहिले. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड ही म्हण सार्थ ठरली. पण पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, तेव्हा याच सोन्याच्या मुलखातली माणसे खडी फोडावयास बसली. दुष्काळी कामांतील बहुतेक कामे रस्त्यांची आणि खडीची होती. रोजी मिळाली, कित्येकांचे प्राणही वाचले, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या तहानेने गाव उठले त्या तहानेवर त्या खडीच्या ढिगांनी कोणता उपाय केला? दुष्काळ सरला तेव्हा रस्ते पूर्वीपेक्षा चांगले झाले होते. विहिरी होत्या तशाच राहिल्या.

विद्या होती, पैसा होता, मजूर तर लाखांनी होते. मग उणीव कशाची होती? गावाला काय हवे, हे गावाला विचारणारा कोणी नव्हता. ही उणीव आपल्या आजच्या विषयाचे मर्म आहे.

ती भरून काढण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न आपल्या शेजारीच, वर्ध्याला झाला. त्याच्याही आधी, १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळी लक्ष रुपये म्हणजे केवढी रक्कम! बक्षिसाच्या अटी मुळातून वाचण्याजोग्या आहेत. यंत्र हलके असावे आणि खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावे; एका स्त्रीला फारसा शीण न होता ते आठ तास चालवता यावे; तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे भरपूर सूत निघावे; किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये; यंत्र वीस वर्षे टिकावे आणि दरसाल दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेकडा पाचाहून अधिक नसावा. या अटींत यंत्र चालवणाऱ्या बाईच्या पाठीचा, तिच्या घराच्या उंचीचा आणि तिच्या गाठीच्या पैशाचा विचार आधी केलेला आहे. चक्र आणि चाती यांचा मागाहून. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण प्रश्न कसा मांडावा याचा जो धडा त्या कागदाने घालून दिला, तो कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयाच्या पहिल्या तासाला वाचून दाखवावा असा आहे. पुढे १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पांनी मगनवाडीत घाणी, चूल, हातकागद यांवर प्रयोग चालवले. आणि १९७६ साली देवेंद्रकुमारांनी वर्ध्यालाच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढून तो धागा पुढे नेला.

आता विद्यार्थ्याकडे वळू. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी वऱ्हाडातल्या मुलाला अभियंता व्हायचे तर पुणे गाठावे लागे किंवा बनारस. मध्यप्रदेशात जबलपूरला विद्यालय निघाले तेही १९४७ सालीच. १९६० साली नागपूरला विश्वेश्वरय्यांच्या नावाचे विद्यालय निघाले. हे नाव ठेवण्यातही औचित्य होते. १९०८ साली मुसा नदीला महापूर येऊन हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा पुन्हा तसा प्रसंग ओढवू नये म्हणून योजना आखून देण्यास निजाम सरकारने त्यांनाच पाचारण केले होते. १९६४ साली अमरावतीस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९६९ साली अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आणि १९८३ साली तर एकदम बांधच फुटला : शेगाव, बडनेरा आणि अकोला येथे खासगी संस्थांची विद्यालये त्याच वर्षी उघडली, अमरावतीचे विद्यापीठही त्याच वर्षीचे. ज्या जिल्ह्यांतून अभियंता होण्यासाठी मुलाला परप्रांती जावे लागे, तेथे घरटी नव्हे तरी गल्लीगणिक एक अभियंता दिसू लागला.

या मुलांचा समाजाशी सांधा जुळावा असा विचार सरकारदरबारी चाललेला होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली आणि तिने तरुणांसाठी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची शिफारस केली. सक्ती पचनी पडली नाही. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ऐच्छिक राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिकडे सोमनाथच्या रानात बाबा आमटे यांनी तरुणांच्या श्रमछावण्या भरवण्यास प्रारंभ केला. या शिबिरांनी एक पिढी घडवली. शहरातल्या मुलाच्या हाताला फावड्याचा घट्टा पडला, त्याने गावकऱ्याच्या पंक्तीला बसून भाकर खाल्ली. हे थोडके नव्हे.

तथापि एक गोष्ट विनयपूर्वक बोलावीशी वाटते. या शिबिरांत अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि वाङ्मयाचा विद्यार्थी यांत काही अंतर राहत नसे. दोघेही माती उचलत. ज्याला जमिनीची पातळी घेता येते, पाण्याचा प्रवाह मोजता येतो, काँक्रीटचे प्रमाण सांगता येते, त्यानेही घमेलेच उचलावे, यात श्रमाची प्रतिष्ठा वाढत असेल. पण त्याच्या विद्येचा उपयोग मात्र शून्य. दहा दिवसांत शिबिर उठे आणि मुलगा परत जाऊन परीक्षेसाठी परदेशी पुस्तकातली गणिते सोडवी. सेवा एकीकडे, शिक्षण दुसरीकडे. शेजारच्या शाखांनी हा दुरावा लवकर ओळखला. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एखादे खेडे दत्तक घेऊन तेथे राहते. कृषी महाविद्यालयाची मुले शेवटच्या वर्षी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात मुक्काम करतात, आणि त्या मुक्कामाला गुण असतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तर तूर पिकवणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याने तूर स्वस्त विकून डाळ महाग का घ्यावी, या साध्या प्रश्नातून लहानशी डाळगिरणी तयार केली. ती आज कित्येक बचतगटांच्या स्त्रिया चालवतात. एकट्या स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या मुलांना मात्र गाव हे अभ्यासाचे ठिकाण आहे, असे पुष्कळ वर्षे कोणी सांगितलेच नाही.

गाव न पाहता यंत्र पाठवले म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्राने पाहिले. विंधनविहिरी खणल्या गेल्या, त्यांवर बिडाचे हातपंप बसले. ते पंप मुळात परदेशी कुटुंबाच्या परसासाठी आखलेल्या पंपांच्या नकला होत्या. एका घराला दिवसातून चार बादल्या पाणी देणारे यंत्र आपल्या गावात पहाटेपासून रात्रीपर्यंत शेदोनशे बाया चालवू लागल्या. दांडे मोडले, खिळी झिजली. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा बसवलेल्यांपैकी बहुसंख्य पंप बंद असल्याचे आढळले. यावर तोड कोणी काढली? जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या विहिरींवर काम करणाऱ्या यंत्रकारांनी. लोखंडी पत्र्याचे भक्कम धड, एकच खिळा, आणि दांड्याला साखळी, अशी त्यांची रचना होती. तिच्यावरून १९७० नंतरच्या दशकात इंडिया मार्क दोन हा हातपंप सिद्ध झाला आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. म्हणजे सोलापूर-जालन्याच्या मोडक्या पंपांपाशी बसून जे शिकले गेले, त्याने जगातल्या कोट्यवधी माणसांची तहान भागवली. मोडलेले यंत्र हाही एक गुरू आहे. त्याच्यापाशी बसण्याची तयारी मात्र हवी.

जगातही हाच विचार थोड्याफार अंतराने उगवला. १९८२ साली फ्रान्समधील विद्यार्थ्यांनी सीमा न मानणाऱ्या अभियंत्यांची संघटना काढली. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नार्ड अमादेई २००० साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातील सॅन पाब्लो या खेड्यात गेले. तेथे पाणी वाहण्याचे काम लहान मुलींवर पडल्याने त्या शाळेला मुकत होत्या. अमादेईंनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन प्रवाहाच्याच जोरावर चालणारा पंप बसवला आणि त्यातून तेथील संघटना उभी राहिली. कॅनडातल्या अशाच संघटनेने तर २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा अहवाल दरवर्षी छापण्याचा प्रघात पाडला. यशाचे अहवाल आपण सगळेच छापतो. अपयशाचा अहवाल छापण्यास अधिक धैर्य लागते, आणि विद्यार्थ्यास त्यातून अधिक शिकता येते.

आता आपल्या पूर्णामाईकडे परत येऊ. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या खडकापर्यंत पूर्णेचे जे खोरे पसरले आहे, त्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. वरती अंजनगाव, अचलपूरच्या बाजूस संत्र्या-केळीच्या बागा. आणि थोडे खाली उतरले की विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. गाळाची माती शेकडो फूट खोल, निचरा मंद, आणि खाली क्षारांनी भरलेले पाणी. एके काळी या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. ते पाणी पिकाला दिले तर जमीन चिघळते आणि वाळल्यावर दगडासारखी कठीण होते. म्हणजे पहा, जो हातपंप साऱ्या कोरड्या देशाला तारक ठरला, तो या पट्ट्यात निरुपयोगी. कारण येथे यंत्र बिघडत नाही, पाणीच बिघडलेले आहे. तेव्हा नदीनाल्याच्या पात्रात झिरा खणून वाटी-वाटीने गुंड भरणे, हेच पिढ्यान्पिढ्या येथल्या स्त्रीच्या कपाळी आले. पुढे वान आणि शहानूर या सातपुड्यातल्या धरणांचे गोडे पाणी नळांनी खाली आणण्याच्या योजना झाल्या. अकोल्याकडची चौऱ्यांशी खेड्यांची योजना त्यांतलीच. पण नळ मैलोगणती लांब. त्याच्या शेवटच्या टोकाच्या गावाला कोणत्या वारी, किती वेळ आणि किती जोराने पाणी येते, हे सगळे नकाशावर दिसत नाही.

ते पाहायचे तर तेथे जावे लागते. आणि येथेच विद्यार्थ्याची गरज आहे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५ सालापासून आहे. तेथे विद्यार्थी गावात राहतो, विहिरींची पातळी मोजतो, टाकी आणि नळ यांचा हिशेब मांडतो, आणि हा अभ्यास त्याच्या पदवीचा भाग असतो. २०१४ साली केंद्र सरकारने उन्नत भारत अभियान आणि २०१६ साली महाराष्ट्राने उन्नत महाराष्ट्र अभियान काढले. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाने जिल्ह्यातील प्रश्नांचा अभ्यास करावा, हा त्यामागचा हेतू. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यात खारपाणपट्ट्यातील नऊशेहून अधिक गावे होती, आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे साधन आयआयटीच्या साहाय्याने तयार झाले. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिकाने किती घेतला, वाहून किती गेला, याचा जमाखर्च. शेततळ्यात साठवलेले गोडे पाणी या पट्ट्यात सोन्याच्या मोलाचे का, हे त्या एका जमाखर्चावरून शाळकरी मुलालाही समजते.

यावर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ते म्हणतात, मुले येतात, फोटो काढतात, प्रश्नावली भरून घेतात आणि निघून जातात. गावकऱ्याचा वेळ जातो तो जातोच, आणि पुढल्या वर्षी नवी मुले तेच प्रश्न घेऊन पुन्हा येतात. दुसरा आक्षेप असा की, सरकारने पगारी माणसांकडून करवून घ्यावयाचे काम फुकट्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात घालणे हा आळशीपणा आहे. मला हे दोन्ही आक्षेप रास्त वाटतात. म्हणूनच तीन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. पहिली, महाविद्यालयाने दरसाल नवे गाव न निवडता त्याच पाचदहा गावांशी वर्षानुवर्षे बांधून घ्यावे. यंदाच्या मुलाची मोजणी पुढल्या मुलाच्या हाती पडावी. दुसरी, जे मोजले ते मराठीत लिहून ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे. चूक असेल तर ती तेथेच निघेल. तिसरी, बांधण्याची घाई करू नये. विद्यार्थ्याचे काम यंत्रणेची जागा घेण्याचे नव्हे. नळाला पाणी का येत नाही, याचा पुरावा गावाच्या हाती दिला तरी त्याने मोठे काम केले. तो कागद घेऊन सरपंच तालुक्याला गेला म्हणजे त्याला नुसते परत पाठवणे अवघड होते.

आणि या सगळ्यात लाभ कोणाचा, असे विचाराल तर आधी विद्यार्थ्याचा. वऱ्हाडातून अभियंता होऊन बाहेर पडणारी बहुतेक मुले पुण्या-मुंबईला, बंगळूरला जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पोट कोणाला नाही? पण ज्या मुलाने एकदा झिऱ्याकाठी बसून एक गुंड भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले आहे, तो पुढे कोठेही गेला तरी त्याच्या कागदावरच्या आकड्यामागे त्याला माणूस दिसेल. शंभर वर्षांपूर्वी खडी फोडवून घेणाऱ्या अभियंत्यांपाशी आकडे पुष्कळ होते. त्यांमागचा माणूस त्यांना दिसत नव्हता, एवढाच काय तो फरक.

गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर देह ठेवला. आयुष्यभर धर्मशाळा, घाट, शाळा बांधणाऱ्या या माणसाचा शेवटही एका पुलावर यावा, हा योगायोग वऱ्हाड विसरणार नाही. आपल्या शास्त्रात माणसावर तीन ऋणे सांगितली आहेत. ज्याचे शिक्षण दुष्काळग्रस्ताच्या नावाने सुरू झाले आणि त्याच्याच सारापट्टीवर चालले, त्या अभियंत्यावर चौथे ऋण आहे. ते फेडण्याचे ठिकाण फार दूर नाही. अमरावतीहून निघावे, पूर्णेच्या काठी उतरावे. गावाचे नावच ऋणमोचन आहे.